बोहनीचा फोटो

डाव्या पंखाचा शेवटचा बोल्ट काही केल्या सुटेना. हिरालालने त्यावर घासलेट सोडलं, फडक्याने पुसलं, पुन्हा पाना लावला आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढला. पाना सटकला आणि त्याची बोटं प्लायवूडवर आपटली.

"लागलं का, बाबा?" रीनाने विचारलं. ती मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती.

"मले नाही, बोल्टाले लागलं," हिरालाल बोटं चोखत म्हणाला. "कवडू वाढई बसवताना म्हणे, हिरालाल, जग बुडंन पण हा पंख नाही निघाचा. तवा मले वाटलं, माणूस बढाया मारून राहिला."

रीना हसली, पण हसू लवकरच ओसरलं. तिने सकाळपासून एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. बाबा, दुकान विकू नका, मी तुमसरलाच बी.एस्सी. करते. घरून निघताना ते अगदी सोपं वाटलं होतं. इथे दुकानाच्या मागच्या खोलीत, बाप दुकान रिकामं करायला घामाघूम होऊन पंखाशी झटत असताना, ते अवघड झालं होतं. चार वाजता ताराचंदशेठ इसाराचे पैसे घेऊन येणार होते. एकदा इसार हातात पडला की सौदा पक्का, आणि मग हे वाक्य बोलून उपयोग नव्हता.

"जरा वर धर टॉर्च."

तिने टॉर्च वर धरला. उजेड विमानाच्या खिडक्यांवर पडला. चार खिडक्या, चार रंगवलेले चेहरे. पाच वर्षांची धूळ बसूनही ओळखू येत होते.

तुमसरच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीतला 'सत्यभामा फोटो स्टुडिओ' ज्यांना ठाऊक नव्हता, त्यांनाही हे विमान ठाऊक होतं. जिल्ह्याचे दोन झाले, गोंदिया वेगळा निघाला, त्या वर्षीच्या दिवाळीआधी हिरालालने ते कवडू सुताराकडून बनवून घेतलं. सांगाडा सागाचा, अंग प्लायवूडचं, खाली हातगाडीची चाकं. बसायला जागा दोन, एकामागे एक. पुढच्या जागेसमोर भंगारातून आणलेलं जीपचं स्टिअरिंग आणि त्याला जोडलेला सायकलरिक्षाचा भोंगा. खरं विमान हिरालालने तोवर आभाळातच पाहिलेलं होतं, आणि एवढ्या मोठ्या वाहनाला भोंगा नसेल असं त्याच्या मनातही आलं नाही. नाकाशी लिंबू-मिरची बांधायची सोय होती, ती त्याच्या आईने आग्रहाने करून घेतली. ती आई, सत्यभामाबाई, पहिल्या खिडकीत. तुमसरच्या पलीकडे कधी न गेलेली ती बाई रंगवलेल्या पडद्याआडून सगळा जिल्हा फिरली. दुसऱ्या खिडकीत सरिता, तेव्हा नवी नवरी. तिसऱ्यात कवडू, मिशांसकट. मजुरी दोनशे रुपये कमी दे पण मला खिडकीत बसव, असा त्याचा सौदा होता. चौथ्या खिडकीत कोणीतरी गॉगलवाला परदेशी साहेब. तो हिरालालने मनानेच काढला, कारण विमानात एक तरी साहेब पाहिजे.

आणि पुढे, काचेच्या खाली, एसटीला असते तशी पाटी. 'भंडारा'.

ही पाटी पहिल्याच वर्षी अडचणीत आली. भाऊबीज झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री दंडारीचा खेळ होतो, आणि पोरापोरींची लग्नंही पुष्कळदा तिथेच एकमेकांना पाहून ठरतात. हिरालाल विमान टेम्पोत घालून अशी एकेक मंडई गाठायचा. तिरोड्याकडच्या एका गावी लोकांनी पाटी पाहिली आणि विमानात बसायला साफ नकार दिला. आमचा जिल्हा आता गोंदिया, आम्ही कायले भंडाऱ्याले जाऊ? हिरालालने वाद घातला नाही. त्याने पाटीच्या मागच्या बाजूवर रातोरात 'गोंदिया' लिहिलं. मग गाव पाहून पाटी फिरवायची. सरकारला जिल्हा तोडायला वर्षं लागली, हिरालालला एक खिळा लागला.

"बाबा."

"हं."

"काही नाही. पाणी देऊ?"

"आण."

ती माठाकडे गेली आणि तिथेच जरा थांबली. पुढच्या खोलीत काउंटरवर झेरॉक्स मशीन होतं, भिंतीवर पासपोर्ट फोटोचे दर होते. बाकी धंदा मोबाइलने खाल्ला होता. शेवटची मंडई केली त्याला पाच वर्षं झाली. त्या दिवशी लोक विमानात बसले, आपापल्या मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढले, उतरले, आणि एकाने वर हिरालालला विचारलं, काका, चार्जर आहे का? हिरालालने दिला.

तरीही हे दुकान होतं. दाराला त्याचं स्वतःचं कुलूप होतं. नव्या सौद्यात इथे ताराचंदशेठचा मुलगा धर्मेंद्र मोबाइलचं दुकान टाकणार होता आणि हिरालालला दाराशी एक टेबल मिळणार होतं, पासपोर्ट फोटोपुरतं. हिरालाल हे सांगताना म्हणायचा, "भाड्याची कटकट नाही, लाइटबिल त्याचं." रीनाला मात्र ते टेबल डोळे मिटले तरी दिसायचं.

तिची कहाणी खरं तर आनंदाची होती. बारावीला फिजिक्स-गणितात चांगले मार्क पडले, बिरसीच्या विमानतळावरच्या उड्डाणशाळेची परीक्षा पास झाली, मुलाखत झाली, डोळे-कान-छाती सगळं तपासून झालं. मग फीचा आकडा समजला आणि घरातले तिघेही जेवताना भाताकडेच पाहत राहिले. बहुतेक फीसाठी बँक कर्ज देणार होती, घर तारण ठेवून. पण पहिले हप्ते हातचे भरायचे होते, आणि हातचं म्हणजे दुकान.

त्यात पदवीचा प्रश्न. सल्ला द्यायला उंटावरचे शहाणे कमी नव्हते. कोणी म्हणे आधी बी.एस्सी. करा. कोणी म्हणे विमानाचीच वेगळी बी.एस्सी. असते, ती नागपुरात करा. कोणी म्हणे इंजिनिअरिंग करून मग उडा. शेवटी तिघं मिळून बिरसीला गेले. तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं. लायसन्सला बारावीचं फिजिक्स-गणित पुरतं. पदवी सक्तीची नाही, उड्डाण शिकता शिकता बाहेरून करता येते. वय जितकं कमी तितकं बरं.

"अन् उद्या कान खराब झाला तर?" सरिताने विचारलं होतं.

साहेब प्रामाणिक होते. ते म्हणाले, "मग ताई, पदवी असलेली बरी."

त्या दिवसापासून घराचेही दोन जिल्हे झाले. हिरालालचं म्हणणं, आधी उडू दे. सरिताचं म्हणणं, आधी पदवी. ती अंगणवाडीत सेविका होती, तीस-पस्तीस लेकरं रोज सांभाळायची, आणि तिचं बोलणं पक्कं होतं. "उडंन तर उडंन. पण कधी उतराव लागलं, तर पायाखाली काही पाहिजे का नाही?"

रीनाने पाण्याचा तांब्या भरला आणि आत आली.

दुपारी सरिता डबा घेऊन आली, तेव्हा उजवा पंख भिंतीशी उभा होता, डावा अजून जागेवर होता आणि बापलेक जमिनीवर बसले होते.

"एवढ्या वेळात एकच पंख?" ती म्हणाली.

"कवडू जिता असता तर त्याले बोलावलं असतं."

"कवडू जिता असता तर त्यानं काढूच दिला नसता." सरिताने डबा उघडला. वांग्याची भाजी, भात, वाटीत ठेचा. "कॉलेजात परवापर्यंत आहे अॅडमिशन. मी आज मॅडमले विचारलं."

"अन् बिरसीचा हप्ता उद्या भराचा आहे," हिरालाल म्हणाला.

"माहीत आहे मले."

"मंग?"

"मंग काही नाही. जेवा."

रीना मान खाली घालून भात कालवत राहिली. आई आणि बाबा तिच्या डोक्यावरून बोलत होते आणि दोघांनाही ठाऊक नव्हतं की निकाल लागलेला आहे. गेल्या आठवड्यात ती न सांगता दुकानात आली होती. काउंटरवर कोणी नव्हतं. मागे डोकावली तर हिरालाल दारापासून भिंतीपर्यंत पावलं टाकत होता, मग परत दाराशी येऊन दोन हात पसरून काहीतरी मापत होता. टेबल केवढं बसेल, हे तो पाहत होता. ती आल्यापावली परत गेली आणि तिने त्याच रस्त्यात ठरवून टाकलं.

"खाऊन घे, बेटा," हिरालाल म्हणाला. "भात थंडा होऊन राहिला."

ताराचंदशेठ चारच्या आधीच आले. धानाचे व्यापारी, अंगाने भरलेले, पांढरा सदरा. ते पुढच्या खोलीतून भिंती ठोकत, छत पाहत आत आले. एका भिंतीला ओल होती, तिथे त्यांनी बोट लावलं आणि बोट हिरालालला दाखवलं. सौदा ठरला असला तरी व्यापाऱ्याने बोट लावायचं असतं. मग त्यांची नजर विमानावर गेली आणि बोट तसंच राहिलं.

"अरे! हे अजून आहे?"

"आहे जी. पंख निघून नाही राहिला."

"आंधळगावची मंडई." ताराचंदशेठ विमानाभोवती फिरले. "लगन होऊन दोन महिने झाले होते. रत्ना म्हणे, माझं माहेर तिरोडा, पाटी गोंदियाची लावा. मी म्हणलं, मंडई भंडाऱ्याची, नवरा भंडाऱ्याचा, पाटी भंडाऱ्याची. अर्धा तास भांडलो आमी विमानात बसून. मागं लाइन लागली."

"मले आठवते," हिरालाल म्हणाला. "मंग दोन फोटो काढले. एक भंडारा, एक गोंदिया."

"अन् दोनाचे पैसे घेतले."

"घेतले जी."

ताराचंदशेठ मोठ्याने हसले. "दोन्ही आहेत अजून. भंडाऱ्याचा कपाटात आहे. गोंदियाचा आरशाजवळ लावला तिनं."

हिरालालही हसला. मग तो विमानाच्या अंगावर हात ठेवून बोलू लागला आणि आपण विकायला बसलो आहोत हे विसरला. "शेठ, मी स्टुडिओत हजारो फोटो काढले. खुर्चीवर बसवलं का माणूस लाकडाचा होते. अन् हे लाकडाचं आहे हे सगळ्याले माहीत. तरी याच्यात बसला का चेहरा बदलून जाये. दिवसभर बायकोशी भांडलेला माणूस तिले हात देऊन वर घ्याचा. एक म्हातारी बसली, मले म्हणे, हळू चालव रे बापा."

"स्वतः बसला का कधी?"

"मी? मी बसलो तर फोटो कोण काढंन?"

"अन् मोसमाचा पहिला फोटो कोणाचा?"

हिरालालने रीनाकडे पाहिलं. "हिचा. ही झाल्यापासून बोहनी हिचीच राहे."

ते खरं होतं. मोसमातली पहिली मंडई, पहिली सकाळ. विमान टेम्पोतून उतरवायचं, नाकाशी नारळ फोडायचा, उदबत्ती लावायची, आणि गिऱ्हाइकाला हात लावू देण्याआधी रीनाला पुढच्या जागेवर बसवायचं. पहिल्यांदा बसली तेव्हा वर्षाचीही नव्हती, सरिताने खालून धरून ठेवली होती. सरिता तिच्या मुठीत एक रुपया द्यायची, ती तो बापाला द्यायची, म्हणजे बोहनी झाली. घरचीच पोर, घरचाच रुपया, तरी तो द्यावाच लागे. बोहनी उधार राहत नाही. मग हिरालाल कॅमेऱ्यामागे जायचा आणि तिथून खरी परीक्षा सुरू व्हायची.

"इकडे पाहा, बेटा. इकडे. चिमणी पाहा चिमणी!"

रीना पाहायची नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर नाकाच्या पुढे, समोरच्या भिंतीवर किंवा झाडावर किंवा जे काय असेल त्यावर. हिरालाल टाळ्या वाजवायचा, टोपी उडवायचा, कवडू मागे उभा राहून माकडासारखं तोंड करायचा. पोर ढिम्म. चेहरा अर्धाच यायचा, एक कान आणि एक गाल. हिरालाल दरवर्षी म्हणायचा, बिघडला. जिल्ह्यातल्या भल्याभल्यांना इकडे पाहायला लावणारा माणूस स्वतःच्या पोरीपुढे हात टेकायचा. ते सगळे बिघडलेले फोटो सरिताने घरी एका डब्यात ठेवले होते, बांगड्यांच्या.

"मंग आज एक काढ," ताराचंदशेठ म्हणाले. "विमान निघालं, दुकान निघालं. एक आठवण राहू दे. मी थांबतो." त्यांनी सदऱ्याच्या खिशातलं पाकीट बाहेर काढून पुन्हा आत सरकवलं. "पण लवकर. तिकडं काट्यावर धान आहे माझं."

"एकच पंख आहे," सरिता म्हणाली.

"फोटोत एकच बाजू दिसते," हिरालाल म्हणाला.

त्याला एकदम उत्साह आला. त्याने फडक्याने खिडक्या पुसल्या. सत्यभामाबाईंचं नाक, सरिताचं कुंकू, कवडूच्या मिशा, साहेबाचा गॉगल, एकेक करून वर आले. पाटीवरची धूळ त्याने फुंकरीने उडवली. 'भंडारा'. स्टुडिओचे छत्रीवाले दिवे लावले, त्यातला एक पेटला. कॅमेरा आणला.

"चढ, बेटा."

रीना चढली. आता गुडघे वर येत होते, स्टिअरिंग पोटाला लागत होतं. तिने भोंगा दाबून पाहिला. त्यातून नुसती हवा आली. तिला रडू येईल असं वाटलं आणि ते येऊ द्यायचं नाही असं तिने ठरवलं. आज शेवटचा फोटो. बाबांना आयुष्यभर जो मिळाला नाही तो एकदा नीट द्यायचा. मग शेठ पाकीट काढतील, त्याआधी आपण बोलायचं.

हिरालालने एक डोळा मिटला. सवयीने हात वर गेला. "इकडे पाहा, बे—"

ती पाहतच होती.

सरळ कॅमेऱ्यात. मान नेमकी, खांदे सारखे, हसू बेताचं. दोन्ही कान, दोन्ही गाल. असा एक फोटो मिळावा म्हणून त्याने दर वर्षी जिवाचं रान केलं होतं. बोट बटणावर होतं. ते दाबलं जाईना. समोरची पोर चांगली दिसत होती, आणि मंडईत बसलेल्या हजारोंसारखी दिसत होती. विमान लाकडाचं आहे हे ठाऊक असलेल्या, घटकाभर बसून उतरून जाणाऱ्या माणसांसारखी.

हिरालालने कॅमेरा खाली घेतला.

"काय झालं?" ताराचंदशेठ म्हणाले.

"बाबा, काढा ना. मी पाहून राहिली ना इकडे."

"तेच तर," हिरालाल म्हणाला. "तू कधीपासून इकडे पाहायले लागली?"

रीनाचं हसू होतं तिथेच राहिलं.

"काय ठरवलं तू?" त्याने विचारलं. अगदी हळू, पासपोर्ट फोटोला आलेल्या घाबरट पोराशी बोलावं तसं.

मग ते वाक्य आलं. सकाळपासून घोकलेलं, पण तुकड्यातुकड्यांत आलं. मी बी.एस्सी. करते, इथंच. आई म्हणते तसं. दुकान राहू द्या. शेठकाका, तुम्ही रागावू नका, पण दुकान विकायचं नाही.

ताराचंदशेठ छताच्या पंख्याकडे पाहू लागले. पंखा बंद होता.

"दुकानासाठी?" हिरालालने विचारलं.

"टेबलासाठी," रीना म्हणाली. "तुम्ही दाराशी टेबल टाकून बसणार. ज्या दुकानाचे मालक होते त्याच्या दाराशी. अन् मी... अन् एवढं करून नोकरी नाही लागली तर? कान गेला, डोळा गेला तर? लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"लोकांचे चेहरे पाहण्यातच जिंदगी गेली माझी," हिरालाल म्हणाला. "ते काय म्हणतात ते मले न बोलता समजते. त्याची फिकर तू नको करू." पोरगी भ्याली याचं त्याला वाईट नव्हतं वाटलं, भ्यावं असाच आकडा होता तो. वाईट याचं वाटलं की दर वर्षी एक पोर पुढे पाहत बसली आणि आपण तिला हाका मारत राहिलो. आज तिने ऐकलं, तर आपल्यालाच सोसेना.

"नोकरी नाही लागली तर नाही लागली," तो म्हणाला. "टेबल आहे ना. दोघं बसू."

खोलीत फक्त त्या एका दिव्याचा तापलेला वास होता. रीनाने आईकडे पाहिलं. आई जिंकली होती. महिनाभराचं भांडण तिच्या बाजूने सुटलं होतं. आता ती म्हणेल, बरं झालं, शहाणी आहेस, उद्या कॉलेजात जाऊ.

सरिता डब्याची झाकणं लावत होती. एक लागेना, तिने दोनदा दाबलं.

"डिग्री बाहेरून होते म्हणले होते ना ते साहेब?" तिने डब्याकडेच पाहत विचारलं.

"हो."

"मंग बाहेरून कर. दिवसा उड, राती अभ्यास कर. अन् नापास झाली तर माह्याशी गाठ आहे, सांगून ठेवतो." ती उठली. खांद्यावरची पर्स पुढे ओढून तिने आत बोटं घातली. रिक्षाची चिल्लर, सेफ्टीपिन, अंगणवाडीची किल्ली, सगळं खाली-वर करून तिने एक रुपयाचं नाणं शोधून काढलं आणि विमानाशी जाऊन रीनाच्या मुठीत दाबलं. वर्षाच्या पोरीची मूठ मिटावी तशी दोन्ही हातांनी मिटली.

"आई, तूच तर म्हणत होती—"

"मी पदवी घे म्हणलं होतं. भिऊन घे म्हणलं नव्हतं. दे त्याले. बोहनी उधार नाही राहत."

रीनाने वाकून रुपया पुढे केला. हिरालालने तो घेतला, कपाळाला लावला आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला, दर मोसमात टाकायचा तसाच.

"शेठ, दोन मिनिटं," तो म्हणाला. "हा फोटो झाला का इसार घेतो."

"घे बापा, आरामानं घे," ताराचंदशेठ म्हणाले. काट्यावरच्या धानाचं त्यांनी नाव काढलं नाही.

हिरालाल कॅमेऱ्याकडे निघाला आणि मध्येच वळला. विमानाच्या पुढच्या बाजूला गेला. खिळा गंजला होता, पण पाटी फिरली. मागची अक्षरं उन्हात कधी फार राहिलीच नव्हती, त्यामुळे रंग अजून ताजा होता. 'गोंदिया'.

"गोंदिया?" ताराचंदशेठ चमकले. "तुमसरात बसून?"

"बिरसी तिकडंच येते ना जी."

ताराचंदशेठनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

रीनाने डोळे मनगटाने कोरडे केले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. सरिता एका बाजूला झाली. हिरालालने कॅमेरा उचलला, एक डोळा मिटला, आणि त्याचा डावा हात आपोआप वर गेला, चिमणी दाखवायला. तो हात त्याने खाली घेतला.

"बाबा, कुठं पाहू?"

"इकडे नको पाहू," हिरालाल म्हणाला.